रत्नागिरीत संगीत नाटकं आणि राज्य नाट्य स्पर्धा बघायची आहे : तिकीट, जागा, निवड याबद्दल माहिती हवी

भाट्याचा_वारा

नमस्कार मंडळी,

बदलीमुळे आम्ही रत्नागिरीत राहायला आलो आहोत. इथे हौशी संस्थांची नाटकं बऱ्यापैकी होतात असं दिसतंय. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी असते, मधूनमधून संगीत नाटकं होतात, झालंच तर जत्रांमधली नाटकं. आतापर्यंत आमचं नाटक बघणं म्हणजे मुंबईहून दौऱ्यावर आलेलं व्यावसायिक नाटक, ऑनलाइन तिकीट, इतकंच. हौशी नाटकाची काही माहिती नाही, संगीत नाटकाची तर त्याहून नाही.

घरात आम्ही चौघं. मुलगी सात वर्षांची. सासरे ७४ वर्षांचे, दोन्ही कानांना श्रवणयंत्र. गाण्याचे दर्दी आहेत, पण सभागृहातून बाहेर पडलं की "आवाज आला, शब्द कळले नाहीत" हे ठरलेलं.

तिकिटं कुठे आणि कधी घ्यायची? बसायचं कुठे? सासऱ्यांना ऐकू यावं म्हणून काही करता येतं का? आणि पहिलं संगीत नाटक कुठलं बघावं? जाणकारांनी सविस्तर लिहिलंत तर बरं होईल.

---

विंगेतला

आधी तिकिटाचं. स्पर्धेचं तिकीट बुकमायशोवर शोधत बसू नका. बहुतेक केंद्रांवर ते त्याच दिवशी नाट्यगृहाच्या खिडकीवर मिळतं. दर नाममात्र असतो, सुटे पैसे जवळ ठेवा. बऱ्याचदा आसनक्रमांक नसतो, आधी येईल त्याची जागा. वेळापत्रक राज्य सरकारचं सांस्कृतिक कार्य संचालनालय केंद्रवार जाहीर करतं आणि ते स्थानिक दैनिकांत छापून येतं. प्राथमिक फेरी साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात. बहुधा रोज एक नाटक, संध्याकाळी सातच्या सुमारास. संघ जास्त असले तर दुपारीही एखादं लावतात. व्यावसायिक नाटकात जाहिरातीतल्या वेळेनंतर वीस मिनिटांनी पडदा उघडला तरी कोणी काही म्हणत नाही. स्पर्धेत तसं नसतं, तिसरी घंटा झाली की नाटक सुरू. साडेसहाला पोचा.

स्थानिक संस्थेच्या संगीत नाटकाचं गणित वेगळं. तिथे तिकीटविक्री बरीचशी ओळखीपाळखीतून होते. संस्थेचे सभासद, प्रायोजकांच्या प्रवेशिका, मग उरलेल्या जागा खिडकीवर. जाहिरात दिसेपर्यंत मधल्या ब्लॉकमधल्या चांगल्या रांगा संपलेल्या असतात. वर्षाची सभासद योजना असेल तर ती सरळ घेऊन टाका. आगाऊ निरोप येतो आणि जागा निवडता येते.

आता बसायचं कुठे. नवीन माणूस आधी पहिल्या दोन रांगांकडे धावतो, आणि ती जागा चुकीची. रंगमंचाची उंची बहुतेक ठिकाणी तीन-साडेतीन फूट असते, आणि बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून जेमतेम पावणेचार फुटांवर. म्हणजे तुम्हाला रंगमंचाची जमीन जवळजवळ दिसतच नाही, नुसती कड दिसते. नट खाली बसला, झोपला, मागच्या बाजूला लेव्हल (उंच चौथरा) नसताना काही घडलं, की अर्धं दृश्य गेलं. शिवाय दोन तास मान वर.

कडेच्या ब्लॉकमध्ये वेगळा त्रास. ज्या बाजूला बसाल त्या बाजूचा सेटचा मागचा कोपरा कमानीच्या खांबाआड जातो, आणि समोरच्या विंगेत चहाचा कप धरून उभा असलेला माणूस मात्र स्वच्छ दिसतो. हौशी नाटकात विंगा नीट झाकलेल्या नसणं ही नेहमीचीच गोष्ट.

बाल्कनीच्या छताखालच्या मागच्या रांगा टाळाच. वरून परतून येणारा आवाज तिथे पोचत नाही, जो पोचतो तो दबलेला असतो. चेहऱ्यावरचे बारीक भाव साधारण २० मीटरपर्यंत वाचता येतात. सरासरी नाट्यगृहात ही हद्द सतराव्या-अठराव्या रांगेच्या आसपास येते. त्याच्या मागे फक्त हातवारे.

म्हणून मधला ब्लॉक, सहावी ते दहावी रांग, आणि वयस्कर माणूस सोबत असेल तर पॅसेजच्या कडेची खुर्ची. स्पर्धेत नेमक्या याच पट्ट्यात परीक्षक बसतात. तिघे असतात, पुढ्यात टेबल, त्यावर छोटा दिवा, आणि त्यांच्या पुढच्या-मागच्या रांगा मोकळ्या ठेवलेल्या. त्यांच्या लगेच मागे बसलात तर तो दिवा अंधाराच्या प्रवेशात डोळ्यांत येतो. एक रांग सोडून, जरा तिरकं बसा.

शब्द का कळत नाहीत, हे सासऱ्यांपुरतं नाही, सगळ्यांच्याच बाबतीत सांगतो. हौशी प्रयोगात बहुतेक वेळा रंगमंचाच्या कडेला ठेवलेले तीन-चार माईक आणि वरून टांगलेले दोन, एवढीच व्यवस्था असते. कॉलर माईक भाड्यानं आणायचे तर पात्रागणिक खर्च वाढतो, म्हणून ते मुख्य गायकांपुरते येतात किंवा येतच नाहीत. नट माईकपासून आठ-दहा फूट मागे सरकला, किंवा समोरच्या पात्राकडे तोंड करून आडवा वळला, की आधी व्यंजनं जातात आणि स्वर तेवढे उरतात. 'काय' आणि 'जाय' एकच ऐकू येतं. ध्वनीवाल्यानं आवाज वाढवला की शिट्टी वाजते, म्हणून तो वाढवत नाही. त्यात सभागृह अर्धं रिकामं असेल तर आणखी घुमतं, कारण आवाज शोषून घ्यायला माणसंच नसतात. तिसरी घंटा होईतो मागे-पुढे बघा. गर्दी नसेल तर खुशाल चौथ्या-पाचव्या रांगेत या. घुमणाऱ्या सभागृहात नटाच्या तोंडून थेट येणारा आवाज जितका जास्त मिळेल तितकं चांगलं.

---

पायपेटी

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. संगीत नाटकापुरतं पुढचं लिहिते.

सासऱ्यांच्या यंत्राबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. यंत्र शिट्टी मारू नये म्हणून त्यात शिट्टी दाबणारी सोय असते. ती लांबलेला, स्थिर सूर ऐकला की त्यालाच शिट्टी समजते आणि दाबायला जाते. ऑर्गनचा भरलेला सूर किंवा गायकानं धरलेला षड्ज हा नेमका तसाच असतो. मग सूर थरथरल्यासारखा, पाण्यातून आल्यासारखा ऐकू येतो, आणि माणसाला वाटतं गायक बेसूर आहे. याशिवाय बोलणं स्पष्ट करण्यासाठी मागचा 'गोंगाट' कमी करणारी सोय असते, ती साथीच्या वाद्यांनाच गोंगाट ठरवू शकते. यंत्र बसवून देणाऱ्या ऑडिओलॉजिस्टकडे जाऊन 'संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम द्या' असं स्पष्ट सांगा. आजकालच्या बऱ्याच यंत्रांत तो देता येतो आणि बटणानं किंवा मोबाइलवरून बदलता येतो. पदं सुरू झाली की संगीताचा, गद्य प्रवेशात नेहमीचा. हे घरी दोन-चार वेळा करून बघू द्या, नाहीतर अंधारात चाचपडण्यात अख्खं पद जायचं.

आणि संहिता आधी वाचायला द्या. जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं जिल्हा ग्रंथालयात मिळतात. पदाचे शब्द डोळ्यांखालून गेलेले असले की अर्धवट ऐकू आलेलं मेंदू स्वतःच भरून काढतो. ऐकू कमी येणाऱ्यांनाच नाही, तुम्हालाही हे लागेल. किर्लोस्कर-देवलांच्या काळातली भाषा पहिल्या ऐकण्यात उलगडत नाही, त्यात ती ताना घेत येते. पुस्तक वाचताना एक ध्यानात ठेवा, छापलेलं सगळं रंगमंचावर येणार नाही. किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० साली आलं तेव्हा त्यात दोनशेच्या आसपास पदं होती आणि प्रयोग रात्रभर चालायचे. आज जुन्या नाटकांच्या पाच-सात अंकांचे तीन किंवा दोन करून, पदं निवडून, सगळं तीन-साडेतीन तासांत बसवतात. कुठली पदं गाळली यावरून संस्थेचा वकूब कळतो. कथेला लागणारं पद गाळून नुसतं गाजलेलं ठेवलं असेल तर समजावं की ही मैफल आहे, नाटक कमी.

हौशी संगीत नाटकात काय बिघडतं ते कळलं की बघण्यातला वैताग कमी होतो. मुख्य अडचण पट्टीची, म्हणजे कुठला सूर 'सा' धरून गायचं त्याची. नायक काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत) गाणारा, नायिका काळी चारमध्ये. ऑर्गनला फरक पडत नाही, पण तबलजीला सुरागणिक वेगळा तबला लागतो. तो दोन-तीन तबले लावून बसतो. गद्य प्रवेश चालू असताना पुढून हातोडीची बारीक टकटक आणि पाठोपाठ अगदी हलका 'तिं' ऐकू आला तर तो पुढच्या पदाची तयारी करतोय. कोकणातल्या दमट हवेत पुडी (तबल्याचं कातडं) सैल पडते आणि सूर उतरतो. सभागृहात वातानुकूलन चालू झालं की हवा कोरडी होऊन तोच सूर चढतो. पहिल्या अंकात लावलेला तबला दुसऱ्या अंकात जागेवर नसतो तो यामुळे. युगुलगीताला तर इलाजच नाही, कुणातरी एकाला दुसऱ्याच्या पट्टीत गावं लागतं. एरवी छान गाणारी बाई युगुलगीतात अचानक घुसमटली, तर दोष तिच्या गळ्याचा नाही.

ऑर्गन म्हणजे पायानं भाता चालवायचा, जुना, बहुतेक परदेशी बनावटीचा. सुटे भाग मिळत नाहीत, दुरुस्त करणारे थोडे. धूळ बसून एखादी पट्टी मुकी होते, पेडल करकरतं आणि ती करकर जवळच्या माईकमधून सगळ्या सभागृहाला ऐकू जाते. म्हणून पुष्कळ संस्था आता कीबोर्डवर ऑर्गनचा आवाज लावतात. ते सोयीचं आहे, पण भात्याबरोबर श्वास घेणारा सूर त्यात येत नाही, हे माझं ठाम मत. वाद घालायचा असेल त्यांनी वेगळा धागा काढावा.

ऐकण्यासारखी खरी जागा म्हणजे संवादातून पदात शिरणं. शेवटचं वाक्य अजून चालू आहे, आणि त्याच्याखाली ऑर्गननं सूर धरला. नटानं त्या वाक्याचा शेवटचा शब्द त्याच सुरावर सोडला आणि पद उचललं. तालमी भरपूर झालेल्या असल्या की सांधा दिसत नाही. कमी झालेल्या असल्या की नट संवाद संपवतो, ऑर्गनकडे बघतो, माईकजवळ दोन पावलं येतो आणि मग गातो. पहिल्या दहा मिनिटांत प्रयोग कसा जाणार ते यावरून कळतं.

---

दुसरा_अंक

विंगेतला यांच्याशी थोडा मतभेद. सहावी-दहावी रांग गद्य नाटकाला बरोबर. संगीत नाटकाला मी तिसरी-चौथी सांगेन. चांगल्या गायकाचा मूळ आवाज तिथपर्यंत माईकशिवाय पोचतो. त्याहून मागे बसलात की स्पीकरमधला आवाज आणि मूळ आवाज यांची सरमिसळ होते, आणि स्पीकर जर भिंतीवर टांगलेले असतील तर गाणारा मधोमध उभा आणि गाणं डाव्या भिंतीतून येतंय असं होतं. पाय दिसले नाहीत तर काय बिघडलं, सौभद्रात कोण नाचतंय?

---

विंगेतला

@दुसरा_अंक, आवाजाचा मुद्दा मान्य. पण साथीदार कुठे बसलेत ते बघूनच तिसरी रांग घ्या. रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसले असतील तर तिसऱ्या रांगेत गायकाआधी तबला कानावर येतो. बाजूला विंगेलगत बसले असतील तर तुमचं बरोबर. सभागृहात शिरल्या शिरल्या ऑर्गन कुठे मांडलाय ते शोधावं आणि मग जागा धरावी. श्रवणयंत्रवाल्यांना तबल्याच्या अगदी पुढ्यात बसवू नये, यंत्र प्रत्येक थापेला आवाज दाबतं आणि पाठोपाठचे शब्द त्यात जातात.

---

भाट्याचा_वारा

एवढी माहिती मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. यंत्राच्या प्रोग्रॅमबद्दल आम्हाला कोणी कधी सांगितलं नव्हतं, या आठवड्यातच जाऊन येतो.

आता निवडीबद्दल सांगा. मुलगी तीन तास बसेल का ही शंका आहे. स्पर्धेतल्या नाटकांना तिला नेता येईल का? आणि 'वन्समोर' द्यायचा कधी असतो? अगदी बाळबोध प्रश्न आहे, पण चुकीच्या जागी ओरडायचं नाही. जत्रेतल्या दशावताराबद्दलही कोणी लिहा.

---

पायपेटी

पहिलं म्हणून 'सौभद्र'. १८८२चं आहे, पण आजही सगळ्यांत सोपं. कथा ठाऊक असते. बलरामाला सुभद्रा दुर्योधनाला द्यायची आहे, तिचं मन अर्जुनात, आणि कृष्ण सगळ्यांना खेळवतोय. अर्जुन संन्याशाच्या वेषात, घटोत्कच सुभद्रेला उचलून नेतो, म्हणजे मुलीलाही काहीतरी मिळेल. पदं छोटी, चाली ओळखीच्या. त्यानंतर देवलांचं 'संशयकल्लोळ'. गंमत आहे, पण ती सगळी बोलण्यात. सात वर्षांच्या मुलीला ती कळणार नाही, सासरे मात्र खूश होतील.

गडकऱ्यांचं 'एकच प्याला' (१९१९) मुलीला घेऊन बघू नका. दारूनं घराचा होणारा नाश शेवटपर्यंत, काही न राखता दाखवलेला आहे. 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) सासऱ्यांसाठी, पण हौशी संस्थेनं ते घेतलं असेल तर आधी खाँसाहेब कोण गातंय याची चौकशी करा. ते नाटक एका माणसाच्या गळ्यावर उभं आहे. तो गळा नसेल तर बाकीच्यांनी कितीही केलं तरी उभं राहत नाही.

वन्समोर : पद पूर्ण संपलं, तिहाई (शेवटी तीनदा येणारा तुकडा) पडली, टाळ्या सुरू झाल्या की त्या टाळ्यांत द्यायचा. तान चालू असताना किंवा समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) दाद द्यायची ती 'वाह'नं, हळू. ऑर्गनवाल्यानं सूर सोडला नसेल तर समजा तेही तयार आहेत. बहुधा अख्खं पद पुन्हा होत नाही, धृपद आणि एखादा अंतरा घेतात. करुण प्रसंगात, पात्र रडत असताना, वन्समोर देऊ नये. पूर्वी देत असत, आणि गेलेलं पात्र परत येऊन गाऊन पुन्हा जात असे, ते त्या काळाला शोभून गेलं. स्पर्धेत वेळेचं बंधन असतं, तिथे वन्समोर देऊन संघाला अडचणीत आणू नका.

---

विंगेतला

मुलीबद्दल. प्राथमिक फेरीतल्या हौशी नाटकांत नवीन संहिता पुष्कळ असतात, आणि विषय जड असण्याकडे कल जास्त : आत्महत्या, अत्याचार, फाशीचा कैदी, वेड. वयाबद्दलची सूचना जाहिरातीत क्वचितच असते. नाव बघून काही कळत नाही. त्या संघाच्या कोणालाही फोन करून 'सात वर्षांचं मूल आणू का' एवढं विचारा, खरं सांगतात. बंदुकीचा आवाज, अचानक काळोख, धूर हेही विचारून घ्या. धुराचं यंत्र लहान सभागृहात बेतानं वापरलं नाही तर पुढच्या पाच रांगा खोकत बसतात, दम्याचा त्रास असेल तर मागे बसलेलं बरं.

तिच्यासाठी खरी सोय म्हणजे बालनाट्य स्पर्धा. तीही सरकारच घेतं, हौशी फेरीच्या पुढेमागे, केंद्रवार. नाटकं छोटी, एका दिवसात अनेक, मध्ये बाहेर जाता येतं. समोर तिच्याच वयाची मुलं काम करतायत म्हटल्यावर ती हलत नाही.

तीन तासांच्या संगीत नाटकाला नेत असाल तर पॅसेजची कड घ्या आणि उठायचंच झालं तर प्रवेश बदलताना उठा. जुन्या पद्धतीच्या प्रयोगात पुढे रस्त्याचा पडदा पाडून दोन पात्रं बोलत असतात, तेव्हा मागे महाल काढून उपवन लावणं चालू असतं. आतून ठोकाठोक, पाटाचा आवाज येतो. उठायला ती वेळ चांगली. त्या पडद्यापुढचे प्रवेश बहुधा विनोदी असतात, त्यामुळे ती उठायला तयार होणार नाही हेही शक्य आहे.

मध्यंतर पंधरा मिनिटांचं म्हणतात. वड्याची रांग त्याहून लांब असते. एकानं अंक संपायच्या टाळ्यांतच बाहेर पडावं, आणि सासऱ्यांना आधी स्वच्छतागृहाकडे न्यावं. दुसऱ्या अंकाच्या घंटेला रांगेतून परत शिरताना इतरांच्या पायावर पाय देणारे निम्मे लोक वड्यामुळे उशीर झालेले असतात.

---

दहीकाला

दशावताराबद्दल लिहायलाच आले.

रत्नागिरीपेक्षा तुम्हाला खाली सिंधुदुर्गात यावं लागेल : कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ला. तुमच्या बाजूला नमन-खेळे आणि जाखडी या लोककला, तेही सोडू नका, पण तो वेगळा प्रकार. जत्रा कार्तिकापासून सुरू होतात आणि पुढे काही महिने गावोगाव चालतात. कुठल्या गावाची कधी, ते तिथीवर असतं, तारखेवर नाही. त्यामुळे मागच्या वर्षीची तारीख बघून गाडी काढू नका. कालनिर्णय उघडा, गावच्या माणसाला विचारा.

तिकीट नाही. देवळासमोर मांडव, खाली जमीन. बसायला चटई किंवा जाड सतरंजी, कान झाकायला मफलर, कारण पहाटे थंडी पडते. रात्री पालखी, ओट्या, सगळं उरकून नाटक उभं राहायला बारा वाजतात, कधी एक. लवकर जाऊन कंटाळू नका, पण जागा धरायला एक माणूस अकराला पाठवा. हार्मोनियम, मृदंग आणि झांज, तिघे एका बाजूच्या बाकावर. लहान मूल असेल तर झांजेच्या बाजूला बसू नका, कान दुखतात.

आधी आडदशावतार, म्हणजे मुख्य नाटकाआधीचा भाग : गणपती, ऋद्धी-सिद्धी, सरस्वती, मग संकासूर. संकासुराची भांडणं आणि कोपरखळ्या मुलांना फार आवडतात, गावातल्या ताज्या गोष्टींवर टोमणे असतात. हल्ली वेळेअभावी हा भाग पुष्कळ ठिकाणी आटोपता घेतात, अगोदर चौकशी करा. मग मुख्य आख्यान, पुराणातलं. छापील संहिता नसते. कोणी काय करायचं ते ठरलेलं असतं, संवाद तिथल्या तिथे. दोन मुरलेले नट समोरासमोर आले की वादविवाद अर्धा-पाऊण तास रंगतो, आणि तोच खरा भाग. ट्रिकसीनच्या दशावतारात कापलेली मुंडकी, दिवे, धूर असतो. पहिल्यांदा बघणाऱ्यानं साधा पारंपरिक बघावा, मग ते.

सासऱ्यांना ऐकू येईल का? सूर आणि झांज पुरेपूर, संवाद भोंग्यावर अवलंबून. भोंगा ज्या खांबावर आहे त्याच्या खाली बसवू नका. बायकांच्या भूमिका बहुतेक पुरुषच करतात. नट आपला रंग स्वतःच लावतात, मांडवामागे सगळं उघड्यावर चालू असतं. लांबून बघायला हरकत नसते, फोटो काढण्याआधी विचारा. शेवटी पहाटे दहीकाला होतो, हंडी फुटते आणि प्रसाद. सगळी रात्र बसणं जमणार नसेल तर बारा ते तीन बसा. परतीची गाडी मात्र आधी सांगून ठेवा, पहाटे चारला जत्रेच्या गावात रिक्षा मिळत नाही.

---

फोंडेकर

गोव्यात यायचं झालं तर इथेही देवळांच्या उत्सवांत गावकऱ्यांची मराठी नाटकं होतात, त्यात संगीत नाटकंसुद्धा. देवळाच्या मंडपात रंगमंच, नट गावचेच : कोणी मास्तर, कोणी बँकेत. क्रम असा : पालखी, मग पावणी म्हणजे देवाला वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव, मग नाटक. पावणीत बोली चढत गेली की नाटक पुढे जातं, पत्रिकेतल्या वेळेत दीड-दोन तास मिळवून निघा. खुर्च्या कमी, त्या गावच्या वडीलधाऱ्यांसाठी. सासऱ्यांना घेऊन आलात तर त्यांना कोणी उभं ठेवणार नाही, तुम्ही मात्र घडीची चटई आणा.

सभागृहात बघायचं असेल तर कला अकादमीची मराठी नाट्यस्पर्धा असते. फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर आणि मडगावचं रवींद्र भवन या दोन्ही जागा ऐकायला-बघायला बऱ्या.

---

दुसरा_अंक

एक राहिलं. स्पर्धेतलं नाटक आवडलं तर निकालाची वाट बघू नका. प्राथमिक फेरीतून थोडीच नाटकं अंतिम फेरीला जातात, आणि ती दुसऱ्या शहरात. बाकीच्यांचा तो प्रयोग बहुधा पहिला आणि शेवटचा असतो, कारण सभागृहाचं भाडं, सेटचा टेम्पो, प्रकाशयोजनेचं सामान हे सगळं पुन्हा उभं करणं हौशी संघाला परवडत नाही. नाटक संपल्यावर पाच मिनिटं थांबा, रंगमंचामागे जाता येतं, कोणी अडवत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच रंगमंचावर वेगळा संघ असतो, म्हणून मंडळी अर्ध्या तासात सेट मोडायला घेतात. भेटायचं ते त्याआधी.

---

भाट्याचा_वारा

सर्वांचे आभार. ऑडिओलॉजिस्टची वेळ घेतली, 'सौभद्र'चं पुस्तकही ग्रंथालयात मिळालं. सासऱ्यांनी त्यातली चार पदं चालींसकट म्हणून दाखवली, पुस्तक मुलीच्या हातात आहे. @दहीकाला, त्रिपुरारी पौर्णिमेच्या आसपास कुडाळच्या बाजूला यायचा विचार आहे. मुक्कामाची सोय आधी करावी लागते का?

---

दहीकाला

करावीच लागते. जत्रेच्या गावात लॉज नसतो, कुडाळ किंवा सावंतवाडीत खोली घ्या आणि गाडी रात्रभरासाठी ठरवा. ड्रायव्हरला नाटक आवडतं ना ते आधी विचारून घ्या, नाहीतर दोनपासून हॉर्न वाजवतो.